टोमॅटो आणि इतर भाजीपाल्यातलं पान-देठ परीक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नारायणगाव, जुन्नर, सिन्नर, पिंपळगाव पट्ट्यातले टोमॅटो उत्पादक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. पान-देठ परीक्षण म्हणजे उभ्या पिकाचं पान किंवा देठ प्रयोगशाळेत तपासून झाडात कोणतं अन्नद्रव्य किती आहे ते पाहणं. उदाहरणं बहुतेक टोमॅटोची आहेत. कांदा, बटाटा, कोबी, फ्लॉवर आणि ढोबळी मिरची यांच्याबद्दल शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे.

माती परीक्षण केलेलं आहे. मग पानं तपासायची गरज काय?

मातीत काय आहे ते माती परीक्षण सांगतं. त्यातलं झाडाच्या तोंडी किती लागलं ते पान सांगतं. या दोन गोष्टी एक नाहीत, आणि आपल्या काळ्या जमिनीत तर त्यांत फारच अंतर पडतं.

फेब्रुवारी २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. त्या पत्रिकेवर १२ गोष्टी असतात: सामू (pH), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम), गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज आणि बोरॉन. अनेकांच्या पत्रिकेवर पालाशापुढे 'भरपूर' लिहिलेलं असतं, कारण काळ्या मातीत पालाश मुळातच बरा असतो. पण टोमॅटोला एकाच वेळी चार-पाच घोस लागलेले असतात. त्या महिन्याभरात फळं ज्या वेगाने पालाश ओढतात, त्या वेगाने चिकणमाती तो सोडेलच असं नाही. अशा वेळी पत्रिका 'भरपूर' म्हणते आणि जुनी पानं कडेने करपत असतात. पत्रिका खोटी नसते. तिला विचारलेला प्रश्नच वेगळा होता.

म्हणून लागवडीआधी माती आणि पाणी तपासा, आणि पीक उभं राहिल्यावर पान. पान परीक्षणाने माती परीक्षणाची जागा घेता येत नाही. नुसत्या पानावरून सामू किंवा क्षारता कळत नाही, आणि पुष्कळदा खरं दुखणं तिथेच असतं.

द्राक्षाला देठ परीक्षण करतो तसंच टोमॅटोला करायचं ना?

नाही. ही चूक फार जणांची होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडे पान-देठ परीक्षण रुजलं ते द्राक्षामुळे. खरड छाटणीनंतर ४५ दिवसांच्या सुमारास बुडाकडून पाचव्या पानाचा देठ घ्यायचा आणि फळछाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा, हे नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला पाठ असतं. द्राक्षाचे प्रमाण आकडे देठावरच बसवलेले आहेत. टोमॅटोचे जे आकडे प्रयोगशाळा वापरतात, ते मात्र बहुधा पूर्ण पानाचे, म्हणजे देठासकट पात्याचे असतात. देठात पालाश आणि नायट्रेट पात्यापेक्षा खूप जास्त असतं, तर एकूण नत्र कमी. नुसता देठ पाठवून अहवाल पानाच्या आकड्यांशी ताडला, तर पालाश उगाच भरपूर दिसेल आणि नत्र उगाच कमी. मग नत्र वाढवलं जातं, आणि झाडाला फक्त माज येतो, म्हणजे नुसता पाला वाढतो.

आपली प्रयोगशाळा कोणत्या भागाचे आकडे वापरते, हे नमुना तोडण्याआधी फोन करून विचारा.

टोमॅटोचं नेमकं कोणतं पान तोडायचं?

नुकतंच पूर्ण वाढलेलं पान. शेंड्याकडची पानं पोपटी आणि मऊ असतात. खाली येताना एक पान असं लागतं की त्याचं वाढणं थांबलेलं असतं आणि रंग पोपटीवरून गर्द हिरव्यावर गेलेला असतो. टोमॅटोत हे शेंड्याकडून साधारण चौथं ते सहावं पान असतं. जातीनुसार एखादं पान पुढे-मागे होईल, पण सगळ्या झाडांवर तेच धरायचं.

दुसरी गोष्ट इतकी साधी आहे की कुणी सांगत नाही. टोमॅटोचं पान हे संयुक्त पान आहे. आपण ज्याला एक पान समजतो ती बहुतेक वेळा त्यातली एक पर्णिका असते. खोडापासून निघालेला देठ आणि त्यावरच्या सगळ्या लहान-मोठ्या पर्णिका मिळून एक पान होतं. नमुन्याच्या पाकिटात सुट्या पर्णिका आल्या की तो नमुना वयाने आणि भागाने मिसळलेला असतो, आणि त्यातून आलेल्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

पान इतकं नेमकं कशासाठी? झाडात अन्नद्रव्यं एकसारखी पसरलेली नसतात. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशिअम जुन्या पानातून निघून नव्याकडे जातात. कॅल्शिअम आणि बोरॉन एकदा जिथे बसले तिथेच बसतात, म्हणून जुन्या पानात साठत जातात. खालचं पान घेतलं तर कॅल्शिअम भरपूर दिसेल, शेंड्याचं घेतलं तर कमी. झाड एकच.

किती पानं आणि कुठून?

टोमॅटोची २० ते ३० पानं पुरतात. एका झाडाचं एकच पान, प्लॉटमध्ये नागमोडी फिरत. बांधाकडची, रस्त्याकडची धुळीची, ठिबकच्या लाइनच्या टोकाची, रोगट आणि कीड लागलेली झाडं सोडा. दोन जाती, दोन लागवडीच्या तारखा किंवा मुरमाड आणि काळी असे दोन तुकडे असतील तर नमुनेही दोन.

आता माझा खरा आग्रह. प्लॉटमध्ये एक पट्टा खराब दिसत असेल तर दोन नमुने पाठवा: एक खराब पट्ट्यातला आणि एक त्याच प्लॉटमधल्या चांगल्या झाडांचा. जात तीच, वय तेच, पाणी तेच, हवामान तेच. या दोन अहवालांमधला फरक कोणत्याही छापील तक्त्यापेक्षा जास्त सांगतो. तक्ते बहुतेक दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या जमिनीवरच्या कामातून आलेले आहेत, आणि तुमचं चांगलं झाड तुमच्याच जमिनीवर उभं आहे. दुसऱ्या नमुन्याचा खर्च नको म्हणून लोक हे टाळतात, आणि मग एकट्या अहवालाकडे बघत अंदाज बांधत बसतात. शक्य असेल तर दोन्ही ठिकाणची मातीही त्याच दिवशी घ्या.

नमुना कधी घ्यायचा?

पहिली फुलं उमलताना एकदा, आणि फळधारणा सुरू झाल्यावर, म्हणजे पहिल्या घोसाची फळं गोटीएवढी असताना, दुसऱ्यांदा. एकदाच करणं शक्य असेल तर पहिल्या फुलाची वेळ धरा, कारण त्यानंतर दुरुस्तीला वेळ उरतो. तोडे सुरू झाल्यावर आलेला अहवाल त्या पिकाला फारसा उपयोगी पडत नाही.

दिवसातली वेळ सकाळी ८ ते ११. खत सोडलं त्याच दिवशी, मोठ्या पावसानंतर लगेच किंवा झाड पाण्याच्या ताणावर असताना नमुना घेऊ नका.

दर चार-सहा दिवसांनी फवारणी असते. मग नमुना कधी जमणार?

अडचण खरी आहे, आणि त्यावर पूर्ण उपाय नाही. शेवटच्या फवारणीनंतर निदान आठवडाभर थांबता आलं तर उत्तम. नाहीच जमलं तर पुढच्या फवारणीच्या दिवशी, पण फवारणीआधी, सकाळी नमुना घ्या.

काय बिघडतं ते कळलं की काळजी आपोआप घेतली जाते. मँकोझेब या बुरशीनाशकात मँगनीज सुमारे २० टक्के आणि जस्त सुमारे अडीच टक्के असतं. कॉपर ऑक्सिक्लोराइड आणि बोर्डो मिश्रणात तांबं असतं. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या फवारणीत तर सगळंच असतं. हे पानाच्या वर चिकटलेलं असतं, आत गेलेलं नसतं, पण प्रयोगशाळेत पान विरघळवलं की सगळं एकत्र मोजलं जातं.

माझ्या स्वतःच्या पावसाळी प्लॉटच्या अहवालात एकदा मँगनीज नेहमीच्या कितीतरी पट आलं आणि जस्त 'पुरेसं'. करप्यासाठी मँकोझेबच्या फवारण्या लागोपाठ चालल्या होत्या. मी जस्ताकडे दुर्लक्ष केलं. पुढे शेंड्याची पानं बारीक होत गेली, पेरं आखूड पडली, तेव्हा लक्षात आलं की तो पुरेसा आकडा पानाच्या आतला नव्हता, वरचा होता. तेव्हापासून शेवटच्या तीन फवारण्यांची नावं आणि तारखा मी नमुन्याबरोबर लिहून देतो. तज्ज्ञाने ती यादी पाहिली तर तो त्या एका घटकाचा आकडा बाजूला ठेवून बाकीचा अहवाल वाचू शकतो.

पानं धुवायची की नाही?

प्रयोगशाळेला विचारा, बहुतेक ठिकाणी ते स्वतः धुतात. पद्धत अशी: आधी साधं पाणी, मग साबणद्रव्याचं अगदी सौम्य पाणी, मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, शेवटी ऊर्ध्वपातित पाणी, आणि हे सगळं काही सेकंदांत. घरी बादलीत पानं भिजत ठेवू नका, पालाश आणि क्लोराइड धुऊन निघून जातात. लोह तपासायचं असेल तर मात्र धुण्याला पर्याय नाही. लाल मातीची धूळ पानावर असली तर लोहाचा आकडा धुळीचाच येतो.

पाकीट कसलं?

कागदी. प्लॅस्टिकच्या पिशवीत पानांना घाम सुटतो आणि ती सडू लागतात. त्याच दिवशी पोचवणं जमत नसेल तर सावलीत सुकवून पाठवा, उन्हात नाही. खताच्या गोणीत, खत हाताळलेल्या हातांनी, किंवा विडी-तंबाखूच्या खिशातून आणलेल्या पाकिटात नमुना देऊ नका. तंबाखूच्या पानातही पालाश असतो.

प्रयोगशाळेत नेमकं काय करतात?

पानं ६५ ते ७० अंश सेल्सिअसला सुकवतात, दळतात आणि आम्लात विरघळवतात. पालाश ज्वाला-प्रकाशमापकावर मोजतात, स्फुरद रंगाच्या तीव्रतेवरून, आणि लोह, जस्त, मँगनीज, तांबे अणुशोषण यंत्रावर. नत्राची पद्धत केलडाल यांच्या नावाची आहे. योहान केलडाल यांनी ती १८८३ मध्ये कोपनहेगनमधल्या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत धान्यातली प्रथिनं मोजण्यासाठी काढली, आणि आज आपल्या टोमॅटोच्या पानातलं नत्र त्याच पद्धतीने मोजलं जातं.

अहवालातले आकडे कसे वाचायचे?

आधी एकक पाहा. मुख्य आणि दुय्यम अन्नद्रव्यं टक्क्यांत असतात, सूक्ष्म अन्नद्रव्यं पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम.

मग वेळ पाहा, कारण वाढीच्या प्रत्येक अवस्थेला आकडा बदलतो. अमेरिकेत फ्लोरिडात झालेल्या कामावर आधारलेले, पूर्ण पानाचे जे पल्ले सगळीकडे वापरले जातात, त्यांनुसार टोमॅटोच्या पहिल्या फुलाच्या वेळी नत्र २.८ ते ४.० टक्के, स्फुरद ०.२ ते ०.४, पालाश २.५ ते ४.०, कॅल्शिअम १.० ते २.०, मॅग्नेशिअम ०.३ ते ०.५ आणि गंधक ०.३ ते ०.८ टक्के असावं. लोह ४० ते १००, मँगनीज ३० ते १००, जस्त २५ ते ४०, बोरॉन २० ते ४० आणि तांबे ५ ते १५ पीपीएम. पहिलं फळ पिकेपर्यंत नत्राचा पल्ला २.० ते ३.५ वर येतो, आणि तोडे चालू असताना पालाश १.५ ते २.५ असला तरी तो ठीक धरतात. म्हणजे पालाशाचा १.८ हा आकडा फुलाच्या वेळी धोक्याचा आणि तोड्याच्या वेळी साधारण. अवस्था न लिहिता पाठवलेल्या नमुन्याचा अहवाल म्हणूनच कुणालाच वाचता येत नाही.

फ्लोरिडाची जमीन वाळूची, आपली चिकण चुनखडीची. त्यामुळे हे आकडे रस्त्याच्या कडेचे दगड समजा. गाडी त्यांच्यामध्ये ठेवायची, दगडाला घासून नाही.

आणखी एक गफलत. पानाच्या अहवालात स्फुरद आणि पालाश मूलद्रव्याच्या रूपात असतात, खताच्या गोणीवर ऑक्साइडच्या. पालाशाला १.२ ने आणि स्फुरदाला २.२९ ने गुणलं की गोणीवरचा हिशेब जुळतो. गोणीवरचे तीन आकडे म्हणजे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाशाचे टक्के. ०:०:५० च्या १०० किलोत मूलद्रव्याच्या भाषेत सुमारे ४१ किलोच पालाश असतो.

अहवालात लोह भरपूर आलं, पण शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. अहवाल चुकला का?

बहुधा नाही. चुनखडीच्या जमिनीत हे कोडं नेहमी पडतं आणि सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो.

पानात लोह असतं, पण सगळं कामाचं नसतं. हरितद्रव्य तयार व्हायला जे लोह लागतं ते फेरस रूपातलं. चुनखडी आणि पाण्यातलं बायकार्बोनेट जास्त असलं की लोह पानापर्यंत पोचूनही निष्क्रिय होऊन पडतं. नेहमीची तपासणी एकूण लोह मोजते, म्हणून पिवळ्या पानात हिरव्या पानाइतकं, कधीकधी त्याहून जास्त लोह निघतं. पिवळं पान वाढायचं थांबलेलं असतं, तेवढंच लोह कमी पानात दाटतं, हेही त्यामागचं एक कारण.

यासाठी सक्रिय लोहाची वेगळी तपासणी असते. ती ताज्या पानावर, तोडल्या दिवशीच करावी लागते, सुकवलेल्या पानावर होत नाही. ती जवळ मिळत नसेल तर एक घरगुती चाचणी पुरते. आठ-दहा पिवळ्या झाडांच्या शेंड्यावर फेरस सल्फेटचं सौम्य द्रावण थोडं लिंबूसत्व घालून फवारा, शेजारची तितकीच झाडं तशीच सोडा. आठवड्याभरात फवारलेली पानं हिरवी व्हायला लागली तर उत्तर मिळालं.

मग आळवणीतून, म्हणजे मुळाशी ओतून, फेरस सल्फेट सोडून उपयोग नाही, चुनखडीत ते लगेच घट्ट होऊन बसतं. ईडीटीए चिलेटही (चिलेट म्हणजे लोहाला धरून विरघळलेलं ठेवणारं खत) साडेसहाच्या वरच्या सामूला टिकत नाही, आणि आपल्या अनेक जमिनी आठच्या आसपास आहेत. तिथे जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए चिलेटच. महाग आहे, पण काम तेच करतं.

आणि या सगळ्याच्या आधी बेडमध्ये हात घालून पाहा. पावसात काळी जमीन चिंब राहिली की मुळांना हवा मिळत नाही, मातीत बायकार्बोनेट वाढतं आणि शेंडे पिवळे पडतात. पाणी निघून वाफसा आला की अनेक प्लॉट कोणतंही औषध न देता हिरवे होतात.

पानात कॅल्शिअम पुरेसं आहे, तरी फळाचं बूड काळं पडतंय. का?

कारण तपासलं पान आणि दुखतंय फळ.

कॅल्शिअम पाण्याबरोबर मुळांतून वर चढतं, आणि पाणी जिकडे जास्त उडतं तिकडे जातं. पानातून भरपूर पाणी उडतं, फळातून अगदी थोडं. उन्हाळ्यात दुपारी पानं सगळं ओढून घेतात, आणि फळाच्या टोकाला, जे देठापासून सगळ्यात दूर असतं, काही पोचत नाही. एकदा पानात बसलेलं कॅल्शिअम परत निघून फळाकडे जात नाही. म्हणून पानावर कॅल्शिअम फवारून पानाचा आकडा वाढतो, फळाचं भलं होत नाही. फवारायचंच असेल तर ते सेटिंगनंतरच्या (फळधारणेनंतरच्या) लहान फळांवर पडलं पाहिजे, आणि त्याचाही गुण मर्यादितच.

अशा वेळी पानाच्या अहवालात कॅल्शिअमपेक्षा शेजारचे आकडे पाहा. नत्र वरच्या टोकाला आहे का? म्हणजे पाला जास्त आणि कॅल्शिअमची ओढ पानाकडे. पालाश फार जास्त आहे का? अमोनियाच्या रूपातलं नत्र आणि जादा पालाश, दोन्ही कॅल्शिअमला मुळापाशीच अडवतात. मग ठिबकचं पाणी बघा. दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी तुडुंब, असं पाणी असेल तर कितीही कॅल्शिअम नायट्रेट सोडा, काळं बूड थांबत नाही. थोडं थोडं, रोज, एकसारखं पाणी हा पहिला उपाय आहे.

पान बघूनच कमतरता ओळखता येते की. एवढा खर्च कशाला?

अनुभवी डोळ्याला बरंच कळतं. पिवळेपणा खालच्या पानांपासून सुरू झाला तर नत्र, पालाश किंवा मॅग्नेशिअम, शेंड्यापासून सुरू झाला तर लोह, बोरॉन, कॅल्शिअम अशी दिशा मिळते. पण लक्षण दिसतं तोवर उत्पादन घटायला सुरुवात झालेली असते. लक्षण दिसण्याआधीची जी लपलेली भूक असते, तिच्यासाठी ही तपासणी आहे.

शिवाय लक्षणं फसवतात. २०२० च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात टोमॅटोच्या फळांवर रंगीत पट्टे आले, लोक त्याला 'तिरंगा' म्हणू लागले, आणि अनेकांनी बियाण्याला दोष दिला. नमुने बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत तपासले तेव्हा त्यांत कुकुंबर मोझॅक व्हायरससारखे विषाणू सापडले. विषाणूचा पिवळेपणा एका झाडावर असतो आणि शेजारच्यावर नसतो, तो विखुरलेला दिसतो. अन्नद्रव्याचा पिवळेपणा बहुतेक पट्ट्याने येतो. फरक कळत नसेल तर खत वाढवण्याआधी रोगतज्ज्ञाला झाड दाखवा.

जो घटक कमी आला तो दणकून टाकला तर?

दुसरा कमी होईल. पालाश जास्त झाला की मॅग्नेशिअम दबतं. तोड्याच्या काळात ०:०:५० वर ०:०:५० सोडणाऱ्या प्लॉटमध्ये खालच्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडलेला सर्रास दिसतो, तो याचाच. स्फुरदाचा भडिमार झाला की जस्त अडतं. लागवडीपासून दर आठवड्याला १२:६१:० देण्याची सवय जिथे आहे तिथे जस्ताचा आकडा जरूर पाहा.

आकडा कमी म्हणजे खत कमीच पडलं, असं धरायचं का?

धरू नका. मुळांवर सूत्रकृमीच्या गाठी असल्या, मर रोग असला, मुळं पाण्यात बुडाली असली किंवा विहिरीच्या पाण्यात क्षार जास्त असले, तरी पानातले आकडे खाली येतात. अहवालात एकदम तीन-चार घटक कमी दिसले तर खताचं दुकान सोडा आणि फावडं घ्या. दोन-तीन झाडं उपटून मुळं बघा. पांढरी तंतुमुळं नसतील तर वरून खत सोडणं म्हणजे क्षार वाढवणं.

उलटही होतं. जोरात वाढणाऱ्या झाडात तेवढंच अन्नद्रव्य जास्त पाल्यात पसरतं आणि टक्केवारी थोडी खाली दिसते. खुरटलेल्या झाडात तेच दाटून आकडा वर दिसतो. म्हणून अहवालाबरोबर झाडाची उंची आणि फळांची संख्या डोळ्यांसमोर ठेवा.

अहवालावरून एकरी किती किलो खत, हे काढता येतं का?

थेट नाही, आणि तसं सूत्र देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. पानाचा आकडा दिशा सांगतो: चालू मात्रा वाढवा, तशीच ठेवा, की कमी करा. पिकाच्या शिफारशीचं वेळापत्रक हा पाया धरायचा, त्यात त्या घटकाचा हप्ता माफक वाढवायचा, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तेच पान तपासायचं.

'कमी करा' हा सल्लाही तितकाच मोलाचा आहे. नत्र पल्ल्याच्या वर आलेलं असताना पुढचे दोन हप्ते वगळले तर पैसा वाचतो, झाडाचा माज उतरतो आणि सेटिंग सुधारतं. खत कमी करायला अहवालाचा आधार लागतो, कारण उभ्या पिकाचं खत नुसत्या अंदाजाने थांबवायची हिंमत कुणाचीच होत नाही.

देठाचा रस काढून शेतातच मोजायचा मीटर मिळतो, तो घ्यावा का?

मोठं क्षेत्र असेल किंवा चार-पाच जणांच्या गटाने घेता येत असेल तर जरूर. पान तोडायचं, पर्णिका लगेच काढून टाकायच्या, देठ बारीक चिरून लसूण पिळायच्या चिमट्यात दाबायचे आणि थेंब मीटरवर टाकायचा. उत्तर मिनिटात मिळतं, आठवडाभर थांबावं लागत नाही.

फ्लोरिडाच्या आकड्यांप्रमाणे टोमॅटोच्या देठरसात नायट्रेट-नत्र पहिल्या कळ्यांच्या वेळी १००० ते १२०० पीपीएम, पहिल्या फुलाला ६०० ते ८००, फळं इंचभर झाल्यावर ४०० ते ६०० आणि पहिल्या तोड्याला ३०० ते ४०० असावं. इथे एक खड्डा आहे. काही मीटर नायट्रेट दाखवतात, काही नायट्रेट-नत्र, म्हणजे नायट्रेटमधलं फक्त नत्र. नायट्रेटच्या आकड्याला ४.४३ ने भागलं की नायट्रेट-नत्र मिळतं. हे न पाहता वाचलं तर उपाशी झाड तुडुंब भरलेलं वाटेल.

मीटर नत्र आणि पालाशासाठी ठीक आहे. सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी प्रयोगशाळाच.

कांद्याला करता येतं का? त्याला देठच नसतो.

पूर्ण वाढलेली सर्वांत उंच पात घ्यायची, कांदा पोसायला लागण्याच्या थोडं आधी. नत्र २ ते ३ टक्के, पालाश १.५ ते ३ आणि गंधक ०.२ ते ०.६. कांद्यात गंधक आवर्जून तपासा, तिखटपणा त्याच्याशी बांधलेला आहे. फुलकिड्यांनी पांढरी पडलेली पात नमुन्यात नको. आणि पोसणी सुरू झाल्यावर नत्र कमी आलं तरी ते भरून काढायच्या मागे लागू नका. उशिराच्या नत्राने मान जाड राहते आणि कांदा चाळीत टिकत नाही.

बटाटा, कोबी, फ्लॉवर, ढोबळी मिरची?

बटाट्याला शेंड्याकडून चौथ्या पानाचा देठ. पहिल्या फुलाला रसात नायट्रेट-नत्र १००० ते १४०० पीपीएम. मंचर-खेडच्या बटाट्याला हे जमण्यासारखं आहे. ढोबळी मिरचीला कळ्यांच्या वेळी १४०० ते १६००, टोमॅटोपेक्षा बरंच जास्त, त्यामुळे टोमॅटोचा तक्ता तिला लावू नका. कोबी-फ्लॉवरला गड्डा धरताना नुकतंच पूर्ण वाढलेलं पान. फ्लॉवरमध्ये बोरॉन जरूर मागा, दांडा पोकळ होणं आणि गड्डा तपकिरी पडणं त्याच्याच कमतरतेने होतं. मॉलिब्डेनमची उणीव आम्ल जमिनीत येते, तेव्हा ती काळजी घाटावरच्या चुनखडीच्या जमिनीपेक्षा कोकणातल्या जांभ्या जमिनीत जास्त.

मेथी, कोथिंबीर, पालक?

अहवाल येईपर्यंत जुडी बाजारात गेलेली असते. इथे माती आणि पाणी तपासण्यावर पैसा खर्च करा.

तपासणी कुठे करून मिळते?

कृषी विद्यापीठांच्या मृदाशास्त्र विभागात, काही कृषी विज्ञान केंद्रांत आणि खाजगी प्रयोगशाळांत. कांद्यासाठी राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेचा सल्ला घेता येतो. जाण्याआधी तीन गोष्टी विचारा: पानं तपासता की फक्त माती, बोरॉन करता का, आणि अहवाल किती दिवसांत देता. दहा दिवसांपेक्षा जास्त लागत असतील तर टोमॅटोसाठी दुसरीकडे बघा. खर्चाचं म्हणाल तर विद्राव्य खताच्या २५ किलोच्या एका गोणीच्या किमतीत बहुतेक वेळा एक नमुना सहज बसतो.

पाकिटावर काय लिहायचं?

पीक आणि जात. लागवडीची तारीख, नमुन्याची तारीख आणि वेळ. अवस्था, म्हणजे 'पहिलं फूल' किंवा 'पहिला घोस गोटीएवढा'. शेंड्याकडून कितवं पान, देठासकट की नुसता देठ. शेवटच्या तीन फवारण्या आणि ठिबकमधून सोडलेली शेवटची दोन खतं, तारखांसह. पट्टा चांगला की खराब. जुन्या माती आणि पाण्याच्या अहवालाची झेरॉक्स सोबत जोडा. पेन्सिलने लिहा, ओल्या पानांनी शाई पसरते.